रोहूचं डोकं मोठं, अंग बारीक: खाद्यातली अमिनो आम्लं आणि वाढीचं संप्रेरक

दिवाळी संपून आठवडा झाला असेल. सकाळी सातलाच भाच्याचा फोन. "मावशी, खाद्यवाल्यानं एक बाटली आणून दिलीय. म्हणतो अमिनो ॲसिड आहे, खाद्यात कालवलं की माशाचा ग्रोथ हार्मोन वाढतो. घेऊ का?"

डभोईकडच्या एका गावचं तळं त्यानं ग्रामपंचायतीकडून इजाऱ्यानं घेतलंय. कटला, रोहू आणि मृगळ सोडलेत. मी आयुष्यभर वडोदऱ्यात शाळेत जीवशास्त्र शिकवलं, म्हणून घरात असले प्रश्न माझ्याकडेच येतात. त्याला म्हटलं, बाटलीचं नंतर बघू, आधी रविवारी जाळं ओढ आणि मला मासे दाखव.

रविवारी दांडिया बाजारातून पहाटे निघालो. तळ्यावर धुकं होतं, काठाच्या बाभळीवर पाणकावळे पंख पसरून बसले होते. जाळं काठाला आलं तसा एक रोहू मी हातात घेतला. दहा महिन्यांचा मासा, वजन जेमतेम अडीचशे ग्रॅम. वजनापेक्षा त्याचा आकार जास्त सांगत होता. डोकं वयाला साजेसं, पण डोक्यामागे पाठ एकदम उतरलेली. चांगल्या पोसलेल्या रोहूची पाठ तिथे गोल, भरलेली लागते. या माशाच्या पाठीवरून अंगठा फिरवला तर कणा टोचत होता. हाडं आपल्या परीनं वाढली होती, मांस मागे राहिलं होतं.

"खायला काय घालतोस?" "खोळ आणि कोंडा, निम्मं निम्मं." खोळ म्हणजे आपली पेंड, इथे शेंगदाण्याची. सौराष्ट्रातल्या घाण्यांमुळे ती सहज मिळते. मासा उपाशी नव्हता. पोट भरत होतं, तरी अंगाला लागत नव्हतं. का, हे समजायचं तर आधी ज्या संप्रेरकाच्या नावानं ती बाटली विकली जात होती, त्याच्याकडे जाऊ.

माशाच्या मेंदूच्या खालच्या बाजूला कवटीच्या खोबणीत एक इवलीशी ग्रंथी असते: पीयूषिका, म्हणजे पिट्युटरी. मत्स्यबीज केंद्रातल्या लोकांना ती चांगली ओळखीची. नदीत अंडी घालणारे आपले रोहू-कटला तळ्यात अंडी घालत नसत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच ग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्प माशांकडून तळ्यात अंडी घालवून घेतली, आणि बीजासाठी नदीवर अवलंबून राहण्याची गरज संपत गेली. देशात १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिवस म्हणून पाळतात तो यामुळेच. तो अर्क कामाला आला प्रजननाच्या संप्रेरकांसाठी. वाढीचं संप्रेरकही त्याच ग्रंथीत, शेजारच्या पेशींत तयार होतं.

ते कधी सोडायचं आणि कधी रोखायचं, हे वरचा मेंदू ठरवतो. आपल्या शरीरात मेंदूचे हे निरोप बारीक रक्तवाहिन्यांतून पीयूषिकेपर्यंत उतरतात. हाडाच्या माशांमध्ये मेंदूचे तंतू थेट ग्रंथीत शिरलेले असतात. सोमॅटोस्टॅटिन हा "थांब" म्हणणारा निरोप. "सोड" म्हणणारे अनेक आहेत, त्यात भूक लागल्यावर पोटाकडून येणारं घ्रेलिनही आहे. मेंदू असे उलटसुलट निरोप सतत तोलत असतो.

ग्रंथीतून सुटलेलं वाढीचं संप्रेरक रक्तातून यकृताकडे जातं. यकृताच्या पेशींवर ते ओळखणारी ग्राहकं असतात. संप्रेरक तिथे बसलं की यकृत दुसरा एक पदार्थ बनवतं, आयजीएफ-१, म्हणजे इन्शुलिनसारखा वाढ-घटक. नाव इन्शुलिनसारखं, कारण घडण त्याच्यासारखी. मांसपेशीला "प्रथिनं जोड, नवे तंतू घाल" हे सांगण्याचं बरंचसं काम हा आयजीएफ करतो. वाढीचं संप्रेरक काही कामं थेटही करतं, पण अंगावर मांस चढायचं असेल तर मधला हा यकृताचा दुवा शाबूत हवा.

आता जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती सांगते. साल्मन, ट्राउट, तिलापिया अशा बऱ्याच माशांना उपाशी ठेवून त्यांचं रक्त तपासलं गेलंय. उपाशी माशाच्या रक्तात वाढीचं संप्रेरक कमी होत नाही, वाढतं. मासा मात्र वाढत नाही, उलट वाळतो. कारण त्याच वेळी यकृत त्या संप्रेरकाला दाद देईनासं होतं आणि आयजीएफ-१ खाली येतं. उपासाच्या दिवसांत या संप्रेरकाला दुसरं काम असतं: साठलेली चरबी मोकळी करून शरीर चालू ठेवणं. बांधकाम बंद, कोठार उघडं. पुन्हा नीट खायला मिळालं की संप्रेरक खाली येतं, आयजीएफ वर चढतं आणि मासा वाढायला लागतो.

म्हणून "ग्रोथ हार्मोन वाढतो" या वाक्यावरून माशाच्या वाढीबद्दल काहीच कळत नाही. भाच्याच्या तळ्यातल्या त्या बारीक रोहूच्या रक्तातही ते संप्रेरक भरपूर असेल, तर मला नवल वाटणार नाही. यकृत दाद देतंय का, हे विचारायला हवं. आणि यकृत दाद देतं ते बऱ्याच अंशी त्याच्यापर्यंत पोहोचणाऱ्या अमिनो आम्लांवरून.

अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांचे मणी. वीसेक प्रकारचे मणी ठरावीक क्रमानं ओवले की एक प्रथिन होतं. त्यातले दहा मासा स्वतः बनवू शकत नाही किंवा पुरेसे बनवू शकत नाही, ते खाद्यातूनच यावे लागतात: लायसीन, मेथिओनीन, आर्जिनीन, ल्युसीन, आयसोल्युसीन, व्हॅलीन, थ्रिओनीन, ट्रिप्टोफॅन, हिस्टिडीन आणि फेनिलॲलॅनीन. मण्यांचा क्रम ठरलेला असल्यामुळे एक मणी संपला की ओवणं तिथेच थांबतं. बाकीचे नऊ कितीही उरले तरी साठवून ठेवायची सोय शरीरात नाही. ते जाळले जातात आणि त्यांतला नायट्रोजन अमोनिया होऊन कल्ल्यांवाटे पाण्यात जातो.

हे आपल्या ताटातही आहे. तांदळात आणि गव्हात लायसीन कमी. डाळी-कडधान्यांत लायसीन चांगलं, पण मेथिओनीन कमी. वरणाशी भात जमतो तो नुसत्या चवीमुळे नाही, एकाची उणीव दुसरा भरून काढतो म्हणूनही. आमच्या वडोदऱ्याच्या सेव-उसळीत वाटाण्याच्या रश्शाला पाव लागतो, तिथेही हाच हिशेब आपोआप बसलेला असतो. रोहूच्या ताटात मात्र तो बसला नव्हता.

तळ्याच्या काठावर बसून भाच्याच्या वहीत मांडला तो हिशेब असा. निम्मी पेंड, निम्मा कोंडा या मिश्रणात साधारण २८ टक्के प्रथिनं येतात, म्हणजे किलोला २८० ग्रॅम. कार्प माशांत सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो सायप्रिनसचा, म्हणजे कॉमन कार्पचा, आणि रोहू त्याच घराण्यातला. सायप्रिनसला प्रथिनाच्या ५.७ टक्के लायसीन लागतं. २८० ग्रॅमचे ५.७ टक्के म्हणजे जवळपास १६ ग्रॅम. शेंगदाण्याच्या प्रथिनात लायसीन साधारण साडेतीन टक्केच असतं, कोंड्यात थोडं जास्त, पण कोंड्यात प्रथिनच कमी. दोन्ही मिळून किलोला साडेदहा ग्रॅमच्या आसपास. हवं १६, मिळतं साडेदहा. म्हणजे पेंडीवर खर्च केलेल्या प्रथिनातला एक-तृतीयांश भाग मांसात जायला जागाच नव्हती. भाच्यानं हा आकडा तीनदा तपासला.

तरीही तळ्यातले सगळे मासे कोमेजले नव्हते, ते कशामुळे? तळं म्हणजे सिमेंटची टाकी नव्हे. हिरवट पाण्यात प्लवक, म्हणजे तरंगणारे सूक्ष्म जीव, असतं, आणि प्लवकांतली प्रथिनं समतोल असतात. मासे विरळ असतील तर ही उणीव तळंच भरून काढतं, म्हणून आपल्या वाडवडिलांचं पेंड-कोंड्यावर भागलं. भाच्यानं एकरी मासे बरेच जास्त सोडले होते. प्लवक तेवढंच आणि खाणारी तोंडं वाढलेली. प्लवकाचा वाटा घटला आणि पेंडीतली उणीव उघडी पडली.

अशी उणीव पडली की संप्रेरकांच्या साखळीत काय होतं? यकृताला येणाऱ्या रक्तात एखादं आवश्यक अमिनो आम्ल सतत कमी पडू लागलं, तर यकृत त्याला उपासाचीच एक तऱ्हा मानतं. आयजीएफ-१ बनवायची सूचना देणारं जनुक मंदावतं. लायसीन किंवा मेथिओनीन कमी केलेलं खाद्य देऊन वेगवेगळ्या माशांवर प्रयोग झालेत. बऱ्याच ठिकाणी असंच दिसलं की पोट भरलेलं असूनही आयजीएफ खालावलं, आणि उणीव भरून काढल्यावर सावरलं.

दुसरी वाट यकृताला वगळून जाते, थेट मांसाच्या पेशीत. तिथे टॉर नावाचं एक प्रथिन बसलेलं असतं, पेशीच्या आतला जणू कोठीचा कारभारी. ल्युसीन, आर्जिनीन यांसारखी अमिनो आम्लं पेशीत पुरेशी आहेत का हे ते बघतं आणि बाहेरून इन्शुलिन-आयजीएफचा निरोप आलाय का हेही बघतं. दोन्ही असतील तरच प्रथिनं ओवायचं काम पूर्ण वेगानं सुरू होतं. निरोप आहे पण माल नाही, तर काम रखडतं. माल आहे पण निरोप नाही, तरी रखडतं. टॉर या नावामागे एक गोष्ट आहे. १९६४ साली ईस्टर बेटावरून आणलेल्या मातीत एक जिवाणू सापडला. त्यातून जन्मानं भारतीय असलेल्या सुरेन सहगल यांच्या चमूनं कॅनडात रॅपामायसीन हे औषध वेगळं काढलं. ते औषध पेशीत नेमकं कशावर घाव घालतं, हे शोधता शोधता पुढे टॉर, म्हणजे "टार्गेट ऑफ रॅपामायसीन", हाती लागलं. यीस्टपासून माणसापर्यंत ते सगळ्यांत आहे, आणि त्या रोहूतही.

आर्जिनीनबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण अशा बाटल्यांवर त्याचंच नाव मोठ्या अक्षरांत असतं. माणसांत आर्जिनीन शिरेतून दिलं की वाढीचं संप्रेरक उसळतं. मुलाची उंची वाढत नसेल तर पीयूषिका तपासायला डॉक्टर ही चाचणी वापरतात. तिथूनच ही कल्पना माशांच्या बाजारात आली असावी. माशांत आर्जिनीनचा ठळक परिणाम दिसतो तो इन्शुलिनवर. कित्येक माशांत इन्शुलिन सोडवायला साखरेपेक्षा अमिनो आम्लं जास्त प्रभावी ठरतात, आणि त्यांत आर्जिनीन पुढे. बरेचसे मासे मुळात पिठूळ खाणारे नाहीत, प्रथिनं खाणारे आहेत, हे लक्षात घेतलं की यात विचित्र वाटायला नको. वाढीच्या संप्रेरकावरचा आर्जिनीनचा परिणाम मात्र माशांत एकसारखा नाही. काही जातींत वाढ दिसते, काहींत काहीच फरक पडत नाही. आणि शेंगदाण्याच्या पेंडीत आर्जिनीन आधीच भरपूर असतं, गरजेच्या दुप्पट म्हटलं तरी चालेल. भाच्याच्या माशांना कशाची ददात नसेल तर ती आर्जिनीनची.

ट्रिप्टोफॅनचं काम आणखी निराळं. मेंदूत त्यापासून सेरोटोनिन बनतं. ट्राउट माशांना ते जास्त दिल्यावर त्यांची आपसातली मारामारी कमी झाल्याचं आणि ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसॉल, कमी चढल्याचं दिसलंय. कॉर्टिसॉल चढलेला मासा वाढत नाही. खूप कमी ट्रिप्टोफॅनवर ठेवलेल्या ट्राउटचा कणा वाकतो, मेथिओनीन कमी पडलं तर डोळ्यांत मोतीबिंदू होतो.

म्हणजे सगळं भरमसाट घातलं की झालं का? नाही. प्रयोगांतले आलेख एका मर्यादेपर्यंत वर चढतात, मग सपाट होतात आणि पुढे उतरतात. ल्युसीन फार झालं तर त्याच्याच भावंडांचा, आयसोल्युसीन आणि व्हॅलीनचा, वापर बिघडू शकतो. जादा गेलेलं सगळं शेवटी अमोनिया होतं. दुपारी ऊन असताना शेवाळ जोरात काम करतं, पाण्याचा पीएच चढतो आणि त्या अमोनियाचा विषारी भाग वाढतो. प्रथिनावर ओतलेले पैसेच माशाचे कल्ले जाळायला लागतात.

आता बाटलीकडे येऊ. लेबलवर "१८ अमिनो ॲसिड्स" असं होतं. कुठलं किती, हे नव्हतं. एक किलो खाद्याला दोन मिलिलिटर घालायला सांगितलं होतं. आपल्या हिशेबात एकट्या लायसीनचीच तूट किलोला साडेपाच ग्रॅम आहे. अठरा जणांचं मिश्रण, तेही पाण्यात विरघळलेलं, दोन मिलिलिटर घातलं तर त्यातून लायसीन येणार किती? शिवाय सुटी अमिनो आम्लं पाण्यात झटकन विरघळतात. मी काचेच्या पेल्यात तळ्याचं पाणी घेऊन त्यात खाद्याची ओली मूठ सोडून दाखवली. पाचेक मिनिटांत कोंडा वर, पेंड खाली आणि मधलं पाणी गढूळ. जे गढूळ झालं ते माशाच्या तोंडात गेलंच नाही. आणखी एक अडचण कार्पच्या शरीराची. या माशांना जठर नसतं. सुटी अमिनो आम्लं आतड्यातून लगेच रक्तात जातात, पेंडीतली प्रथिनं पचून मागाहून येतात. बाकीचे मणी पोहोचेपर्यंत आधी आलेला मणी जळून गेलेला असतो. म्हणून सुटं लायसीन द्यायचंच असेल तर ते गोळी खाद्यात नीट बांधलेलं हवं आणि खाद्य दिवसातून तीन-चारदा विभागून द्यायला हवं.

खाद्याच्या पोत्यावरचा "क्रूड प्रोटीन" हा आकडाही पुरेसा नाही. प्रयोगशाळेत नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ नं गुणतात, तोच हा आकडा. नायट्रोजन लायसीनचा आहे की आर्जिनीनचा, हे त्यात दिसत नाही. युरिया मिसळला तरी तो आकडा फुगतो. विक्रेत्याला विचारायचं ते लायसीन किती आणि मेथिओनीन किती.

पश्चिमेकडे एका कंपनीनं संप्रेरकालाच हात घातला. चिनूक साल्मनचं वाढीच्या संप्रेरकाचं जनुक अटलांटिक साल्मनमध्ये असं घातलं की ते बारा महिने चालू राहावं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं त्या माशाला २०१५ मध्ये परवानगी दिली. तो खरोखर लवकर मोठा होतो. पण त्यालाही अंगावर चढवायचं मांस खाद्यातूनच आणावं लागतं. आपल्याकडे भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेनं निवड पद्धतीनं, म्हणजे दर पिढीतले वेगानं वाढणारे मासे निवडून, जयंती रोहू तयार केला, तो मला आपल्या तळ्यांसाठी जास्त जवळचा वाटतो.

भाच्याला मी सांगितलं ते साधं होतं. शेंगदाण्याची निम्मी पेंड काढून तिच्या जागी सोयाबीनची पेंड घाल. सोयाच्या प्रथिनात लायसीन सहा टक्क्यांहून जास्त असतं, त्यानं किलोमागे लायसीन साडेतेरा-चौदा ग्रॅमपर्यंत जातं. पेंड भाजलेली किंवा वाफवलेली हवी, कच्च्या सोयात पचन अडवणारा घटक असतो. मात्र करपलेली काळसर पेंडही नको, जास्त उष्णतेनं लायसीन साखरेशी बांधलं जातं आणि माशाला मिळत नाही. सोयात मेथिओनीन कमी, म्हणून थोडी तिळाची पेंड. उरलेली फट मासळीच्या भुकटीनं आणि हिरव्या पाण्यानं भरायची. खाद्य फेकू नकोस, भोकं पाडलेल्या पोत्यांत भरून बांबूला बांध, मासे ओढून ओढून खातात आणि वाया कमी जातं.

"आणि कपासिया खोळ? ती स्वस्त पडते." सरकीची पेंड आमच्या भागात ढिगानं मिळते, पण तिच्यातलं गॉसिपॉल लायसीनलाच धरून बसतं. जिथे लायसीनचीच तूट आहे तिथे ती कशाला? एरंडीच्या पेंडीचं तर मी त्याला दोनदा बजावलं. तिच्यात रायसिन हे विष असतं. ती शेतात खत म्हणून ठीक, खाद्यात चिमूटभरही नको.

बाटली त्यानं परत केली. खाद्य बदलून आता महिना होत आला, पण मी त्याला मासे तोलू दिले नाहीत. थंडीत पाणी गार पडलं की कार्प खाणंच कमी करतो, आणि त्या दिवसांतल्या वजनावरून खाद्याला बरंवाईट म्हणणं चूक ठरेल. वहीत त्या रविवारच्या वीस माशांची वजनं आणि लांब्या लिहून ठेवल्यात. फेब्रुवारीच्या शेवटी पाणी तापायला लागलं की त्याच कोपऱ्यात, त्याच जाळ्यानं पुन्हा वीस मासे काढायचे आणि पाठीवरून अंगठा फिरवून बघायचा.